जिच्या नावाने जेवलो ती विनी

माझी नणंद विनी मेली तेव्हा तिला नदीपर्यंत पोचवायला मीच गेले होते, तिचाच पार्का, फरचा जाड डगला, अंगात घालून. पार उत्तरेकडच्या बर्फातल्या आमच्या गावची रीतच आहे तशी. माणूस गेलं की वर्षभराने त्याच्या नावाने मोठं जेवण घालायचं. त्याचे कपडे घरातल्या कोणाच्या तरी अंगात चढवायचे. मग त्या माणसाने सगळ्यांशी हात मिळवून सभागृहातून निघायचं, काठ उतरून नदीवर जायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि कपडे झटकायचे. गेलेला जीव प्रवाहाबरोबर खाली निघून जातो. मागे वळून बघायचं नाही. मीही बघितलं नाही. रडून रडून डोळे सुजले होते माझे, आणि वर तो पार्का दंडात घट्ट.

आणि बाईसाहेब तिकडे दवाखान्यात चांगल्या जिवंत होत्या.

आता हसू येतं, पण तेव्हा कोणाला हसू येत होतं? क्षयाने नदीकाठची घरंच्या घरं रिकामी केली होती. विमान यायचं, खोकणारी माणसं उचलून दूर दक्षिणेला न्यायचं, आणि मग मिशनच्या रेडिओवरून निरोप. विनीचा निरोप आला तेव्हा आम्ही तो खराच मानला. पुढे कळलं की त्याच वॉर्डात आमच्याच नदीच्या खालच्या गावची एक पोरगी होती. गेली ती, आणि निरोप आला आमच्याकडे. त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही, उगाच तोंड विटाळायचं. विनीला लिहिता येत नव्हतं आणि आम्हाला वाचता येत नव्हतं, मग खरं-खोटं करायचं कोणी? आमची तरी परत आली. ते खालच्या गावचे बिचारे मेलेल्या पोरीची वाट बघत बसले होते, त्यांचं काय झालं असेल ते देवाला ठाऊक.

माझा नवरा अलॉयशियस, विनीचा थोरला भाऊ. त्याने रीतीप्रमाणे सगळं केलं. मूस, म्हणजे ते घोड्याएवढं रानहरीण, मारून आणला, घरातला सुकवलेला सॅमन मासा सगळा बाहेर काढला. गेलेल्याचं काही घरात ठेवायचं नसतं, म्हणून विनीचं होतं नव्हतं ते त्या जेवणात वाटून टाकलं. तिची बर्फावर गाडी ओढणारी कुत्री गेली गावातल्या एडमंडला, साखर नावाची म्होरकी कुत्री धरून. मासे धरायची नदीवरची जागा चुलतभावांना. पार्का मला. आणि एकदा त्या जेवणात दिलेली वस्तू कोणी मागायची नाही, आणि घेतलेल्यानेही परत करायची नाही. आणखी एक, ज्याच्या नावाने जेवलो त्याचं नाव पुन्हा तोंडाने घ्यायचं नाही. नाहीतर तो जीव मागे ओढला जातो, अडकून पडतो.

टपालाचं विमान नदीच्या बर्फावर उतरलं की सगळं गाव काठावर. त्या दिवशीही होतं. दार उघडलं आणि विनी खाली उतरली. हाडांचा सापळा नुसता, डावा खांदा खाली कललेला. कोणी पुढे होईना. एक म्हातारी मटकन बर्फात बसली. आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी तिचाच पार्का घालून उभी.

विनीने माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. म्हणाली, "वहिनी, बाह्या तुला आखूड होतात."

मेलेल्या बाईने भावजयीला मारलेला हा पहिला टोमणा. मी तिला मिठी मारली आणि मग आम्ही दोघी मोठमोठ्याने रडलो.

रात्री सगळे आमच्या घरी. पायस म्हणून म्हातारा होता, रीतीभाती त्याला विचारूनच व्हायच्या. अलॉयशियसने विचारलं, आता तिचं तिला परत द्यायचं ना? पायसने चहावर फुंकर घातली. मग म्हणाला, दिलेलं ते दिलेलं. जेवलेलं अन्न पोटातून परत काढता येतं का? मी म्हटलं, अहो बाबा, ती समोर बसलीय, पाव खातेय. तो म्हणाला, दिसतंय मला, आंधळा नाही मी. पण असं आजवर झालेलं नाही, आणि न झालेल्याची रीत मला माहीत नाही. तिला नदीवरून खाली पाठवलंय. खालून आजवर कोणी परत आलेलं नाही. ही तर विमानातून आली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण म्हाताऱ्याशी भांडायची सोय नव्हती. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे मलाही कळत होतं. त्याला खरीच भीती वाटत होती की उलटसुलट काही केलं तर ती पुन्हा जाईल. तर झालं असं की विनी जिवंत होती, पण गावात तिचं म्हणून काही नव्हतं. कुत्री नाहीत, जागा नाही, नावही नाही. लोक 'अलॉयशियसची बहीण' म्हणायचे. मी तर 'वन्सं' म्हणून वेळ मारून न्यायची. माझीही जीभ रेटत नव्हती, उगाच खोटं कशाला बोलू.

दवाखान्यात तिचं एक फुप्फुस निकामी केलं होतं, बरगड्या कापल्या होत्या. जड उचलायचं नाही, पळायचं नाही, थंडीत धापा लागतील असं काही करायचं नाही, असं बजावून पाठवलेलं. आमच्याकडे हे सगळं टाळायचं म्हणजे बाईने करायचं काय, तर शेगडीजवळ बसून मोज्यांवर मणी शिवायचे. अलॉयशियसला तेच हवं होतं. एकदा गमावलेली बहीण त्याला दाराबाहेर सोडवत नव्हती. विनीने एक हिवाळा मणी शिवले. एक जोड संपला की उसवायची आणि पुन्हा शिवायची.

मग गावात बर्फगाड्या आल्या. पेट्रोल ओतलं की पळतात, मासे खात नाहीत, रात्री भुंकत नाहीत. जो तो कुत्री काढून टाकायला लागला. म्हातारी, लंगडी, चावरी कुत्री तर गोळी घालूनच संपवायची. एका सकाळी बघते तर आमच्या घरामागे एक कानतुटका, हाडकुळा कुत्रा बांधलेला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. विनी दारोदार जाऊन म्हणत होती, मारू नका, मला द्या.

मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, स्वतःला धड काठ चढवत नाही, आणि ही फौज पोसणार कोण? तुझा भाऊ?

ती म्हणाली, "टाकून दिलेल्यांचं आपसात जमतं, वहिनी. तू नको काळजी करूस."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण संध्याकाळी ड्रममध्ये माशांचं कालवण रटरटत ठेवलं ते मीच, तिच्याच्याने तो ड्रम हलला नसता.

कुत्र्यांची गाडी हाकायची म्हणजे माणसाचा गळा दणदणीत लागतो. एडमंड ओरडायचा तर पलीकडच्या काठावर ऐकू जायचं. चढ आला की उतरून गाडीमागे पळावं लागतं, ढकलावं लागतं. विनीला दोन्ही जमत नव्हतं. एक हाक मारली की खोकल्याची उबळ. मग तिने ओरडणं सोडूनच दिलं. जिभेने नुसतं 'टक्' करायची. म्होरक्या केलं ते कानतुट्याला. 'टक्' ऐकलं की तो निघायचा, आणि त्याचं बघून बाकीचे. ती दमली की गाडी थांबायची. ती गाडीवर वाकून श्वास गोळा करायची, कुत्री तिथेच अंग टाकायची. श्वास बसला की पुन्हा 'टक्'. असंच आधी पाणी आणलं, मग लाकडं, मग सापळ्यांच्या वाटेवर दिवसचे दिवस. गावात हसायचे सगळे. एडमंड म्हणायचा, ही गाडी नाही, मिरवणूक आहे, मधेमधे उभी राहते. एडमंडच्या गाडीला साखरेची लेक म्होरकी होती, त्याचं बरोबरच होतं म्हणा. पाणीदार कुत्री. विनी तिच्या जवळून जाताना मान वळवायची नाही. तेवढं मात्र मला बघवायचं नाही.

मग कुत्र्यांच्या गाड्यांची ती लांब पल्ल्याची शर्यत निघाली. समुद्रकाठच्या गावातून गोठलेल्या नदीवरून वर, दिवसामागून दिवस, आणि शेवट आमच्या गावच्या काठावर. शहरातले लोक येणार, डॉक्टर येणार, विमान येणार. सभागृहात बैठक भरली, गावातून कोण उतरणार म्हणून. एडमंड उठला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून विनी उठली.

एडमंड वाईट माणूस नाही हो, पण तोंड सैल. म्हणाला, हिला वाटेत काही झालं तर शर्यतीला कायमचं गालबोट लागेल. अलॉयशियस तर रागाने लाल. खाली बस म्हणाला. विनी बसली नाही. तिच्या श्वासाचा आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता. आमच्यात पुढचं असं कोणी बोलून दाखवत नाही. मी अमुक करीन म्हणणं म्हणजे नशिबाला डिवचणं. अस्वलाच्या शिकारीला जाताना माणूस 'जरा फिरून येतो' म्हणतो. आणि ही बया भर सभेत पायसकडे बघून म्हणाली, "तुम्ही म्हणालात, खालून कोणी येत नाही. मी येईन. त्याच वाटेने, माझ्या कुत्र्यांबरोबर, माझ्या पायांनी काठ चढून. आले तर मला माझ्या नावाने हाक मारा. नाही आले तर तुम्ही जेवलेलं खरं."

लोकांनी माना खाली घातल्या. घरी येताना मी तिला म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची काय गरज होती? तर म्हणे, "मेलेल्या माणसाला कसलं आलंय अवलक्षण?"

शर्यत सुटली त्याच्या बातम्या रेडिओवर यायच्या. पहिल्या मुक्कामाला एडमंड पुढे, विनी सगळ्यात मागे. दुसऱ्यालाही तेच. गावात चहाच्या कपाबरोबर हा विषय. मी कोणाशी बोलत नव्हते. मग एकेक जण गळायला लागला. कोणाची कुत्री लंगडली, कोणी बर्फावर साचलेल्या पाण्यात घुसून गाडी भिजवून बसला. विनी तशीच, थांबत थांबत, श्वास गोळा करत. रेडिओवरचा माणूस म्हणाला, तिची कुत्री मुक्कामाला येतात ती शेपट्या वर करून, खाणं मागत. त्याला त्याचं नवल वाटलं. मला नाही वाटलं. ती स्वतः थकत होती तेवढा विसावा कुत्र्यांना फुकट मिळत होता.

शेवटच्या मुक्कामावर मात्र तिच्या रुमालाला रक्त लागलं. डॉक्टरने बघितलं. तिथल्या चहा देणाऱ्या बाईने मला नंतर सगळं सांगितलं, मी पदरचं काही घालत नाही. डॉक्टर म्हणाला, विमान तयार आहे, बसा. पुढे उलटा वारा आहे, गेलात तर मराल.

विनी म्हणाली, "तो कार्यक्रम उरकलाय, डॉक्टर. मूसचं मटण होतं म्हणे, झकास झालं होतं. सगळं गाव जेवलं, मीच तेवढी राहिले."

बिचाऱ्याला काय कळणार. तो दुसऱ्या कोणाला तरी विचारायला वळला, तोवर इकडे 'टक्' झालं होतं.

आमच्याकडे रेडिओवर एवढंच आलं की बाईंना रक्त पडतंय, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं आहे, विमान उभं आहे. बस्स. मग वाऱ्याने रेडिओच खरखरायला लागला. काठावर सगळं गाव जमलेलं होतं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. पायस म्हणाला, चला घरी. एकेक जण काठ चढून जायला लागला. कोणीतरी अलॉयशियसच्या खांद्यावर हात ठेवला, माणूस गेल्यावर ठेवतात ना, तसा.

अलॉयशियसने तो हात झटकला. माझा नवरा गरीब माणूस, लग्नापासून मी त्याचा चढलेला आवाज फारसा ऐकलेला नाही. तो म्हणाला, "एकदा निरोपावर विश्वास ठेवून बहिणीचं जेवण घातलं मी. आता डोळ्यांनी बघितल्याशिवाय इथून हलणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

आणि तिथेच बर्फावर बसला. मीही त्याच्याशेजारी बसले. दात वाजत होते, पण बसले. मग गेलेल्यांतले काही परत आले. कोणी लाकडं आणली, शेकोटी केली. पायसही आला, लाकडाच्या ओंडक्यावर टेकला.

खाली नदीवर काय चाललं होतं ते एडमंडनेच पुढे सभागृहात दरसाल सांगितलं, स्वतःचं हसं करून घेत. शेवटच्या टप्प्यात वारा असा समोरून की डोळे उघडेनात. त्याने कुत्री आधीच दामटलेली. साखरेची लेक एकाएकी खाली बसली. मानी कुत्री बसली म्हणजे बसली. एडमंड ओरडला, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, गळा बसला. वाऱ्यात त्याचं ओरडणं त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं. आणि मागून, काही आवाज न करता, कानतुट्या आला. विनी गाडीवर जवळजवळ आडवी झालेली, तोंडाभोवती बर्फ साचलेला. वाऱ्यात तिचं 'टक्'सुद्धा कोणाला ऐकू जात नसणार. पण तिची कुत्री ऐकण्यावर चालतच नव्हती, वर्षानुवर्षं तिच्याबरोबर थांबून आणि निघून त्यांना तिची चाल पाठ झाली होती.

तिने गाडी थांबवली. बसलेली कुत्री दुसऱ्या गाडीमागे उठून चालतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. तिला सरळ पुढे जाता आलं असतं, पण वाऱ्यात त्याला तसंच टाकून जायचं तिला जमेना. एडमंडला विचारायची लाज वाटत होती. शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला, फार पुढे जाऊ नकोस, दिसत राहा.

विनी एकेक शब्द तोडत म्हणाली, "मेलेल्या बाईच्या मागून येतोस? भीती नाही वाटत?"

एडमंड म्हणाला, "वाटते. पण इथे बसायची जास्त वाटते."

साखरेची लेक उठली आणि तिच्या गाडीमागे चालायला लागली.

आम्हाला आधी काही दिसलंच नाही, नुसता उडणारा बर्फ. मग वळणावर काहीतरी काळं हललं. अलॉयशियस उभा राहिला. खालच्या अंगाने, मी कपडे झटकून ज्या दिशेला तिला पाठवलं होतं त्याच दिशेने, कानतुट्या येत होता. पाठोपाठ बाकीची टाकाऊ कुत्री. पाठोपाठ ती. आणि गावातली सगळ्यात महागडी कुत्री मुकाट तिच्या मागे. मला रागच आला, की हिला आम्ही शेगडीजवळ बसवायला निघालो होतो.

काठाखाली गाडी थांबली. शर्यत तिथेच संपत होती, पहिला नंबर तिचा लागला होता, शहरातला माणूस घड्याळ घेऊन पुढे आला. विनीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अलॉयशियस तिला धरायला धावला, तिने त्याला हाताने थांबवलं. काठ चढायला लागली. दोन पावलं, मग वाकून श्वास. पुन्हा पावलं, पुन्हा श्वास. सगळं गाव तिच्याबरोबर श्वास घेत होतं. वर पायस काठीवर रेलून उभा. ती त्याच्यासमोर येऊन थांबली.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला. गेलेल्याशी मिळवतात तसाच, पण तो सोडला नाही, ओढून तिला आपल्याजवळ घेतलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विनी. आलीस होय. किती उशीर केलास."

मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी विनी. बायका, पोरं, एडमंडसुद्धा बसलेल्या घशाने. एवढ्या वर्षांचं साठलेलं लोक एकदम बोलत होते. मीही घेतलं तिचं नाव. जीभ अडखळली नाही.

ती थंडीने काकडत होती, घामाने आतून भिजलेली. मी माझ्या अंगातला पार्का काढला, तिचाच तो, लांडग्याच्या फरची झालर तिनेच लावलेली. रीत गेली खड्ड्यात म्हटलं, आणि पायसच्या देखत तिच्यापुढे धरला. पायसने तोंड दुसरीकडे फिरवलं, म्हणजे त्याला दिसलं नाही असं झालं.

विनीने पार्का बघितला, मग मला बघितलं. एवढी दमलेली, पण डोळ्यांत तोच खट्याळपणा.

"मेलेल्या बाईचे कपडे मी घालत नाही, वहिनी. मला नवा शिव."

शिवणकामाच्या नावाने माझी बोंब, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या उन्हाळ्यात बसून शिवला मी. बोटं टोचून घेतली, दोनदा उसवला. शेवटी एक बाही लांब आणि एक आखूड झाली. तिने तो घातला, कललेल्या खांद्याच्या बाजूला आखूड बाही बरोबर बसली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक शर्यतीत ती तोच घालून उतरली. कोणी बाह्यांवरून विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची.